झेंड्यावरचं जायफळ

खरं सांगू? ईशाला जपान मिळाला आणि आमच्या जुईला ग्रेनेडा, म्हणून मला रात्रभर झोप नव्हती. अबुधाबीच्या शाळेत प्रत्येक मुलानं एकेका देशाची माहिती सांगायची होती. ईशा म्हणजे शेजारच्या वर्षाची मुलगी. वर्षानं रेशमी साडी कापून किमोनोसुद्धा शिवला होता, आणि भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या मला ग्रेनेडा नकाशात सापडत नव्हता.

"कॅरिबियनमधलं चिमुकलं बेट आहे गं," नवरा म्हणाला. "झेंड्यावर जायफळ आहे त्यांच्या."

"झेंड्यावर कुणी जायफळ लावतं का?"

"ग्रेनेडावाले लावतात."

मग काय! डब्यातलं अख्खं जायफळ जुईच्या हाती दिलं आणि सगळं घोकून घेतलं. वर्गात, मागे बसलेल्या आम्हा आयांसमोर, ती फक्कड बोलली. जायफळ बाकाबाकांवरून फिरलं, सगळ्यांनी हुंगलं, किमोनोकडे कुणी बघेना. मी वर्षाकडे हळूच पाहून घेतलं. फार बरं वाटलं.

तेवढ्यात मिसनी विचारलं, "जुई, डू यू ईट धिस ॲट होम?"

"येस मिस, मम्मा पुट्स इट इन श्रीखंड," जुई म्हणाली. "बट वर्षा आंटीज श्रीखंड इज बेटर."