आटलेल्या तळ्यातला शिंपला

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की वडनेरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि झाडाचं पानही हलत नव्हतं. शेजारच्या अनसूयाबाईचा नातू आठ दिवसांचा, अंगावर दूध ओढेना. ती मला म्हणाली, "भाऊ, एक शिंपली आणून द्या. आमच्या घरची सारी लेकरं शिंपलीनंच दूध प्याली."

मी आटलेल्या तळ्याचा गाळ खणून एक शिंपला आणला. घट्ट मिटलेला, म्हणजे मेलेलाच समजलो. तिच्या घरी धुवायला परातीतल्या पाण्यात ठेवला, तर जरा वेळानं त्यानं तोंड उघडलं.

तिची बाळंतीण लेक वैशाली शिकलेली. बाजेवरूनच म्हणाली, "काका, जिता हाये तो. सारं उलटंच हाये पाहा. देवमासा समुद्रात राह्यते, पन आपल्यासारखी हवा घेते, पिल्लाले दूध पाजते, अन् काठावर आला की मरते. हा पाण्यातून श्वास घेते, तरी कोरड्या गाळात महिनोन्‌महिने जगते."

"मंग यातला आपला सोयरा कोन वं?" मी हसत विचारलं.

"देवमासा!"

अनसूयाबाई हसली नाही. ती एकदा परातीकडे, एकदा पाळण्याकडे पाहत होती. मीही पाहिलं. शिंपला उघडला की पोराची छाती वर यायची, मिटला की खाली जायची. मग तो मिटला, तो उघडेचना. पोराची छातीही वर येईना. घाबरून मी परात हलवली. शिंपला उघडला आणि पोरगं रडलं.

अनसूयाबाई हळूच म्हणाली, "भाऊ, याले विहिरीत सोडून या. पन वाटेत मिटू देऊ नका."