मोटरचा आवाज

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांची वहिनी नंबराची वाट बघत होत्या.

“ताई, गुडघे बरे दिसतात हं. मागच्या वेळी भिंत धरून उठला होतात.”

“मशीन पुन्हा पायाने चालवते ना.”

“आणि लेकाने हौसेने बसवलेली मोटर?”

“तिथेच तर घोडं अडलंय. पाळी गेली, सांधे धरले, म्हणून त्याने ती आणली. वर्षभर पाय हलले नाहीत, तर जास्तच आखडले. इथली डॉक्टर म्हणाली, गुडघे बसवून ठेवू नका, चालवत राहा.”

“मग त्याला तसं सांगायचं सरळ.”

“पहिल्या पगारातून आणलीय गं. तोंड एवढंसं होईल त्याचं.”

“म्हणजे चोरून चालवता?”

“मोटरवरचा पट्टा काढून पायडलला लावते. मोटरच्या पायाने दाबायच्या बटणावर इस्त्री ठेवली की ती आपली रिकामीच गुरगुरत बसते. आतल्या खोलीत त्याला वाटतं, आई मोटरवर शिवतेय.”

“कमाल आहे तुमची! या वयात ही सोंगं?”

“दोन महिने जमलं सोंग. काल मशीनवर बसले, तर पायडल लोण्यासारखं फिरायला लागलं. चाकाला बोट लावलं, तर ताजं तेल.”

“तुम्हीच घातलं असेल, विसरला असाल.”

“खाली बसून पायडलखाली तेल घालता आलं असतं, तर इथे कशाला आले असते?”

“अगंबाई! मग आता मोटर तरी बंद कराल?”

“कशी करू? तो अजून आतून विचारतो, आई, मोटर नीट चालतेय ना गं?”