हळदीकुंकवाचं ताजं सरबत

गावभर द्राक्षं पिकवायची आणि पाहुण्यांना बाटलीतलं रंगीत पाणी पाजायचं, लाज कशी वाटत नाही? असं म्हणत मी आमच्या तासगावच्या घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी दिलेली कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची ऑर्डर परस्पर रद्द केली. आईला म्हटलं, "ताज्या फळांचं सरबत करते. बघच तू."

कलिंगड, संत्री, पुदिना तयार होता. राहिली होती फक्त द्राक्षं. बाग लांब आणि बायका दारात आलेल्या. मला कुठला धीर! घरामागच्या काकांच्या बेदाणा शेडमध्ये घुसले, जाळीवर वाळत घातलेली टपोरी द्राक्षं पाटीभर उचलली, पाण्यातून काढली आणि मिक्सरला लावली. सगळ्यांसमोर पहिला ग्लास मीच एका दमात रिकामा केला. तोंडात साबण विरघळल्यासारखं झालं.

तेवढ्यात काका धावत आले. "अगं पोरी, लवकर वाळावीत म्हणून कालच तेल नि खार घातलेल्या पाण्यात बुडवलीत ती!"

आई एवढंच म्हणाली, "बाटल्यावाल्याला फोन लाव."

शेडवर काम करणाऱ्या शांतामावशी मला निरखत म्हणाल्या, "ताई, आता पंधरा दिस सावलीतच बसा. बेदाणा व्हायला तेवढं लागत्यात."