मुकाईसानांच्या डोक्यावरून जाणारा रस्ता

हॅलो? हॅलो, चिनात्सु?… हो, मीच, शुहेई… नाही गं, पोचलो कुठला. अडकलोय… अगं ऐक ना, गाडी उभीये, फोन स्पीकरवर आहे, कायदा मोडत नाहीये मी.

कुठे म्हणजे? तुमच्या घरावर… शप्पथ! खिडकीतून वर बघ. तो पांढरा डबडा दिसतोय ना? त्यात मी… हात काय हलवतेस! खाली कसं येऊ ते सांग!

तुझ्या बाबांनीच सांगितलं ना, क्योतो शहरात शिरू नकोस, बाहेरून, वरच्या टोलच्या रस्त्याने ये, सुसाट येशील. अख्ख्या जपानला त्यांनी फोन केले होते की काय?… हो, ऐकलं रेडिओवर. शहरात शुकशुकाट आहे. इथे वर बोर्ड लागलाय, 'खोळंब्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. कृपया शहरातल्या मार्गाचा विचार करावा.' विचारच करतोय! दुसरं काय करतोय? उतरायला वाट कुठेय?

पुढचा उतार थेट नदीपलीकडे. तिथून उलटं तुमच्याकडे. बारा वाजून जातील गं…

माहितीये मला! आजचा मुहूर्त बारापर्यंतच, बारानंतर दिवस अशुभ. आमच्या हामामात्सुतही तेच कॅलेंडर मिळतं… आणि पुढच्या आठवड्यात मी सप्पोरोला. बदली थांबते का कुणासाठी? आज मागणी घातली नाही तर मग तिकडचा बर्फ वितळल्यावरच.

बाबा काय म्हणतायत?… 'आपल्या वस्तीतल्या उतारावर उतर म्हणावं'? अगं, तो आहे कुठे? त्यांनाच विचार! उतारविरोधी समितीचे अध्यक्ष कोण होते? मी शाळेत होतो तेव्हापासून डोक्याला निषेधाची पट्टी बांधून उभे. 'आमच्या शांत वस्तीत परक्यांच्या गाड्या नकोत.' झालं ना मनासारखं? मी परका, माझी गाडी वर. समितीचा विजय असो!

…काय? तुझाही फोन स्पीकरवर? आधी नाही का सांगायचं!

मुकाईसान! नमस्कार! नाही, नाही, तसं नाही… समितीचं काम थोरच आहे… हो. हो. अगदी खरं— अरे! माफ करा, माफ करा! हॉर्न मुद्दाम नाही वाजवला. माफीला वाकलो, तर कपाळ हॉर्नवर आपटलं… फोनवर कशाला वाकायचं ते खरंय हो, पण सवय… मागचा ड्रायव्हर ना? तो बिचारा वाकून माझीच माफी मागतोय. जागचा हललेला नाही तो.

पण मी दिसतोय कसा तुम्हाला? आवाज अडवायला एवढी उंच भिंत, आणि नेमकी तुमच्या घरासमोर पारदर्शक?… हो, हो, उन्हाचा हक्क. बाल्कनीतल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळायला हव्यात. झकास वाळतायत. आणि माळांच्या मागे काळ्या सुटात… तुम्हीच ना? माझ्यासाठी सूट घातलात?… समितीच्या सभेसाठी. रविवारी सकाळी. बरं.

मुकाईसान, बारा वाजत आलेत. मी इथूनच विचारतो… फोनवर कुठे? आपण समोरासमोर आहोत. मध्ये फक्त काच, तीही तुम्हीच भांडून बसवून घेतलेली.

तर… अं… चिनात्सुला मला द्या. तिला सुखात ठेवीन. भात येतो मला, सूप येतं, मासा कधी कधी करपतो. घोरतो थोडा, ते तिला माहितीये… नाही! कसं माहीत असेल! चिनात्सु, हसू नकोस, प्लीज. मुकाईसान, वाकतो आता. हॉर्न वाजेल, आधीच माफी.

…तुम्हीपण वाकलात! पाहिलं मी! चांगलं कमरेतून वाकलात!… सवयीने? म्हणजे होकार नाही?… नाही, मी नाही धरत होकार. पण खाली टाळ्या कोण वाजवतंय? सगळे शेजारी?… सभेला जमलेत? बरं, बरं.

भेट आणलीये की. आमच्याकडची ईल माशाची बिस्किटं. वरून टाकू?… नाही, नाही टाकत.

अरे देवा, आत्ताच! गाड्या हलल्या. तासभर ढिम्म आणि नेमक्या आत्ता! मागचा हॉर्नपण वाजवत नाही, नुसता दिवे लुकलुकवतोय. मुकाईसान, मला निघावं लागेल. हो की नाही, एवढंच… मुकाईसान? आत कुठे चाललात?

चिनात्सु, बाबा का गेले? चिडले?… काय शोधतायत? डोक्याची पट्टी? आत्ता?… नवी समिती? कसली?… 'उतार झालाच पाहिजे'? अगं, आयुष्यभर तेच तर अडवून धरलंय त्यांनी! आज काय झालं?

काय म्हणाले? मोठ्याने सांग, पुढे बोगदा आहे… 'जावई काय दर खेपेला डोक्यावरूनच जाणार?'

जावई म्हणाले?… चिनात्सु, जावई म्हणाले? घड्याळ बघ! बारा वाजायच्या आत म्हणाले ना?… बघ ना गं, बोगदा आला… हॅलो?… हॅलो? मुकाईसान?…

बाबा?…