कप्तान परत आला

धुळ्याच्या स्टँडवर शिरपूरच्या बसची वाट बघणाऱ्या मंजुळाबाईंच्या शेजारी दोन पोरं सिनेमाबद्दल बोलत होती.

"नवा भाग कसा आहे, कुंदन?"

"बठ्ठं वाटोळं करी टाकं, भो! मागच्या भागात यान वाचवायला कप्तान सूर्यात उडी घेतो ना? आता म्हणे, तो यंत्रमानव होता. खरा कप्तान मजेत जिवंत!"

"सिनेमाच तो. सोड ना."

"कसा सोडू? आमच्या तेजसच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आई बोलली, आबा बोलले, तरी नाही. शेवटी मी म्हटलं, भाऊ, पुढचा भाग तुझ्यासाठी मी बघीन. लगेच शिवला."

"मग, शब्द पाळलास की."

"पाळला. पण त्याला सांगू काय? कप्तान परत आला म्हणून?"