कपाट उचलायला चौघं लागतात

लाँचच्या दिवशी दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही ना, तिथेच मी ओळखलं, गेम कोणी घेतलेलीच नाही. पिंपरीतल्या आमच्या छोट्या गेम कंपनीत तक्रारी बघायचं काम माझं. गेम साधी. चौघांनी ऑनलाइन जमायचं आणि लोखंडी कपाट चाळीच्या जिन्याने वर न्यायचं. तिघांत ते हलतच नाही.

मी आधीच म्हणाले होते, "सर, फुकट ठेवू या, चौघं जमायला हवेत."

सर म्हणाले, "अगं, फुकटच्या वस्तूला कोण विचारतं? माणशी चारशे रुपये ठेव."

संध्याकाळी पहिला रिव्ह्यू आला, 'चाकणचा भाऊ' या नावाने. "गेम झकास आहे. पण माझे तिन्ही मित्र म्हणतात, तूच घे राव, आम्ही तुझ्याकडे येऊन बघतो. मी एकटाच जिन्यात उभा आहे. एक स्टार."

ते वाचून पुढे कोणी घेईचना. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत माणसं आली नाहीत तर बंद करू."

रविवारी ऑफिसात मी एकटीच होते. गेम उघडली, तर जिन्यात कपाटाशेजारी तोच भाऊ उभा. मी माइक सुरू केला.

"हॅलो? कोणी आहे का?"

हेडफोनमध्ये माझाच आवाज घुमला आणि मीच दचकले. पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. शेवटी बंद करायला हात नेला, तेवढ्यात खरखर झाली.

"आहे की, ताई. बाकीचे दोघं कुठवर आलेत?"