निमोण्याचा भाचा

—न्हाई ताई, किल्ली देऊ नका. मुठीतच धरा. मी सुरेखा, ही समोरची रसवंती माझी. तुम्ही बोलावली का क्रेन? मग? गाडी बंद पडून दहा मिन्टं न्हाई झाली, तर क्रेन हजर — कुणी धाडली? कुणीच न्हाई. चौफुल्यापासनं शिरूरपत्तोर वास घेत फिरतो तो क्रेनवाला. विम्याच्या कागदावर नंबर आसंल, तिथं लावा फोन. लागत न्हाई? मग भावाला लावा. आन् त्याच्या नंबरपाटीचा फोटो काढा — समोरून काढा, दिसू द्या त्याला. कागद पुढं केला तर सही करायची न्हाई, कोऱ्यावर तर न्हाईच न्हाई.

काय म्हणाला तुम्हाला? 'कुठल्या तुम्ही? केडगावच्या? आमची आत्या केडगावची' — हेच ना? वाटलंच मला. आम्ही निमोण्याचे, तर मला म्हणाला हुता, मामी निमोण्याची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पिकअपभर झेंडू, पहाटे तोडलेला, पुण्याच्या बाजाराला निघालो आन् ह्याच वळणावर गाडीचा पाटा तुटला. आमचे मालक माझ्या भावाला फोन करत हुते, तो ट्रॅक्टर घेऊन येणार हुता. तेवढ्यात हा आला. गाव इचारलं, मामी काढली, मामीचं घर कुठं तर मारुतीच्या देवळामागं. आता सांगा, मारुतीच्या देवळामागं कुणाचं घर नसतं? पण गावचा भाचा म्हटल्यावर मी त्याला पाणी दिलं, डब्यातली भाकरी दिली. शिरूरला नेतो म्हणाला आन् नेली भलतीकडं, कुंपणाच्या आत, फाटकाला कुलूप. मागंल तेवढं पैसं मोजल्याबिगर गाडी सोडीना, दोन दिवस! गावभर तोरणं लागली, आन् आम्ही दोघं त्या कुंपणाला धरून उभं. ताडपत्रीखाली झेंडू सडला. आपलाच झेंडू ताई, आन् वास मेल्या जनावराचा.

चौकीत गेलो तर पहिलं इचारलं, किल्ली कुणी दिली? मालक म्हणाले, मी. मग हवालदार म्हणतो, आपल्या हातानं दिली, तर तक्रार कसली? झालं. पण ती किल्ली — आता सांगतेच — ती मी दिली हुती. मालक फोन कानाला लावून हातानं नको नको करत हुते, आन् मी गाडीतनं काढून ह्याच्या तळहातावर ठेवली. वर मीच म्हणाले, 'सांभाळून ने रे बाबा.' आजपत्तोर ते एक शब्द बोलले न्हाईत मला. सासूबाईंनी इचारलं तरी म्हणतात, मीच दिली. बोलले आसते, दोन शिव्या दिल्या आसत्या, तर बरं झालं आसतं. मग मी ह्या फुफाट्यात कशाला बसले आसते? रस विकायला? छ्या. ह्याच्यासाठी बसलेय. पाच गाड्या सोडवल्या त्याच्या तोंडातनं. मला ओळखत पण न्हाई, रसवाली म्हातारी म्हणतो. लोक म्हणतात सुरेखा मऊ हाय. व्हय, मऊ हाय. पण नुसतं सोडवून माझं भागत न्हाई आता — हितं उपाशी गेला तर पुढच्या वळणावर खातोच की तो. मला त्याची क्रेन चौकीच्या कुंपणात पाहिजे. उन्हात, पावसात, गंज चढेपत्तोर.

बघा, साखळी घेऊन निघाला. न इचारता! मोबाईल काढा, शूटिंग घ्या सगळं — काय? भाऊ येतोय, वाद नको? आवो, तुम्ही किल्ली दिली न्हाई, सही दिली न्हाई, तुमच्यासारखा तक्रारदार मला वरीसभरात मिळाला न्हाई! बाकीचे सगळे हात जोडून निघून गेले. चौकीत मी येते की संगट… रडू नका. बरं, रडू नका. गाडीत बसा, दारं आतनं लावून घ्या, काचा वर घ्या. मोबाईल तेवढा काचेला धरा, बोलायचं मी बोलते, त्यानं हुक लावल्याबिगर गुन्हा बसत न्हाई त्याच्यावर. मोबाईल हलू देऊ नका — ए, ये की रे बाबा, थांबलास का? लाव हुक. लाव, लाव, कुणी न्हाई म्हणत न्हाई तुला… ताई, काच वर घ्या म्हटलं ना. माझ्याकडं बघू नका.